अर्जाच्या शेवटी

मोटार सर्व्हिस बंद होणार हे मला मालकानं सांगितलं नाही, पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं सांगितलं. सकाळी महाडच्या स्टँडवर आलो तर तो शिडीवर चढून आमच्या कंपनीच्या नावावर पांढरा हात मारत होता. मी विचारलं, नवीन नाव काय येणार? तो म्हणाला, "नाव नाही. नुसतं पांढरं करा म्हणालेत." चार वर्षं ज्या पाटीखाली बसून मी तिकिटं फाडली, तिच्याकडून मला मिळालेली नोटीस एवढीच. वर सदऱ्यावर रंगाचे दोन थेंब.

मालकाचं फार चुकलं असं म्हणता येणार नाही. सरकारी गाड्या सुरू झाल्या होत्या आणि खाजगी मोटारींचे दिवस भरलेत हे स्टँडवरच्या चहावाल्यालाही दिसत होतं. आमच्या गाड्या दोन. दासगावच्या बंदरात लाँच लागली की उतारू घ्यायचे, महाडला आणायचे, पुढं पोलादपूरपर्यंत सोडायचे. गाड्या विकल्या गेल्या. दोन्ही ड्रायव्हरांकडे लायसन होतं, ते सरकारी गाडीवर लागले. ज्यांच्याकडे दाखवायला काही कागद नव्हता असे दोघे उरलो. एक मी, बुकिंग क्लार्क, मॅट्रिकला गणितात गेलेला. दुसरे मामा, क्लीनर.

मामा माझे कोणी नव्हते. अख्खं स्टँड त्यांना मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो, आणि ते मला भाच्या म्हणायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. घरची थोडी वरकस जमीन, नाचणी आणि वरी निघेल एवढी. ती मामी बघायची. मामांनी पंधरा वर्षं मोटारी धुतल्या, टपावर बोजे चढवले, चढावर गाडी थांबली की उडी टाकून चाकामागं दगड लावला. वय पन्नाशीच्या पुढं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठल्या उताऱ्याचा बोजा कुठं उतरायचा हे कधी चुकलं नाही.

माझी गोष्ट वेगळी. माझं खरं काम, असं मी तेव्हा समजत असे, तिकिटं फाडण्याचं नव्हतंच. आम्ही तिघे मित्र पत्रकं काढायचो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता, पायानं चालवायच्या मशीनचा. तिथं अर्ध्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घ्यायचो आणि शनिवारी बाजारात वाटायचो. मोटार कामगारांचे तास, हॉटेलातल्या पोऱ्यांचे तास, कचेरीच्या ओट्यावर माणसाला दिवसभर उन्हात उभं करणारे कारकून. कागद लहान, म्हणून वाक्य लहान. लहान वाक्यात राग चांगला बसतो, हे मी तिथं शिकलो. आणखीही बरंच काही शिकायला हवं होतं.

त्यातलं आमचं सगळ्यात गाजलेलं पत्रक एका शब्दावर होतं. सरकारी कचेरीत, लोकल बोर्डात, सावकाराकडं, कुठंही अर्ज केला की शेवटी लिहायची पद्धत होती, "आपला आज्ञाधारक सेवक". आम्ही लिहिलं, तुम्ही नोकरी मागता की गळ्यात दोरी मागता? अर्ज हा हक्काचा कागद आहे. त्याच्या शेवटी आज्ञाधारक लिहू नका, नुसतं नाव लिहा. छापखान्यातला कंपॉझिटर वैतागला होता. "तुमच्या पत्रकात आज्ञा किती वेळा आहे, माहीत आहे? माझ्याकडं ज्ञचे खिळे आहेत सहा. बाकीच्या ठिकाणी सेवक ठेवा." म्हणून त्या पत्रकात काही ठिकाणी नुसताच सेवक आहे, आणि वाचणाऱ्यांना वाटलं की आम्ही मुद्दाम बारकाईनं वेगवेगळे शब्द वापरलेत.

तर मोटार बंद झाली दिवाळीच्या सुमाराला, आणि पौषात बातमी आली की घाटाचा रस्ता रुंद करायला मुंबईची एक कंपनी येते आहे. पोलादपूरच्या पुढं, कशेडीच्या पायथ्याशी, त्यांचा तळ पडला. तंबू, पत्र्याच्या शेडी, डांबराची पिंपं, खडी फोडायचं मशीन. माणसं घेताहेत असं कळलं. मजूर रोजचे घेतले जात होते, त्यांना अर्ज लागत नव्हता. पण हजेरी घेणारा कारकून, पिंपांवर आणि सामानावर पहारेकरी अशा काही जागा होत्या, आणि त्यांना अर्ज लागत होता. का, ते कंपनीलाच ठाऊक. पहारा द्यायला माणसाला डोळे लागतात, अर्ज लागत नाही. पण ठीक आहे.

त्याच आठवड्यात मामा माझ्या खोलीवर आले. हातात पडवळ होतं, मामीनं दिलेलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्वतः दाराशी उकिडवे बसले.

"भाच्या, मना अर्ज लिवून दे. पारेकऱ्याचा."

"देतो. बसा वर."

"बसलोय. बरा लिव. पंदरा वर्सं मोटारीवर काडली, एक बोजा हरवला नाय, ह्ये लिव."

"लिहितो."

"आनि शेवटी त्ये घाल."

"काय ते?"

"आज्ञाधारक."

मी पेन खाली ठेवला. म्हटलं, मामा, आमचं पत्रक तुम्हीच वाटलंत ना बाजारात? ते हसले. त्यांना हसताना खोकला यायचा, म्हणून ते हसू पुरवून पुरवून वापरायचे. "वाटला की. चांगला जाड कागद व्हता. मामीनं डब्यात घातलाय." मग म्हणाले, "कागदावर मी आज्ञाधारक झालो तर काय बिगाडतंय रं? वाडीवर माजीच आज्ञा चालते. मामी घरात नसली म्हंजे."

आणि मग त्यांनी खरी अडचण सांगितली. दोन धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत होते. शिमग्याला येणार होते. परत जाताना मामांना घेऊन जाणार होते, खात्यात बोलून ठेवलं होतं. इथं काम नाही, वरीनाचणीवर दोघांचं भागणार कसं, तर चला मुंबईला. मामा तरुणपणी एक वर्ष मुंबईत राहून आले होते. मी विचारलं, नको का वाटतं? खोलीत गर्दी असते म्हणून?

"गर्दीचा काय नाय," मामा म्हणाले. "तिकडं मना कोनी मामा म्हनत नाय. 'ए' म्हनतात. 'ए गाववाला.' आख्खा वरीस मी 'ए' व्हतो. आता या वयात परत 'ए' व्हायचा?"

हे ऐकून मी ठरवलं, या माणसाच्या अर्जाखाली आज्ञाधारक म्हणून लिहायचं नाही. ज्याला 'ए' म्हटलेलं सोसत नाही त्याला मी आज्ञाधारक कसं लिहू? मला त्या वेळी हा विचार फार थोर वाटला. मी अर्ज लिहिला, बोज्यांचं लिहिलं, पंधरा वर्षांचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, "आपला सहकारी". बरोबरीनं काम करणारा, या अर्थी. मग मामांनी अंगठा उठवला.

"घातलंस ना?" त्यांनी विचारलं.

"घातलं," मी म्हटलं.

अर्ज मी वाचून दाखवला नाही.

आता माझा स्वतःचा अर्ज. त्याबद्दल लिहायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मालकानं जाता जाता एक उपकार केला होता. कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टकडून त्यानं माझा अर्ज इंग्रजीत टाइप करून दिला, कंपनी मुंबईची आहे, इंग्रजी बघून वजन पडेल म्हणून. टायपिस्टनं त्याच्या नेहमीच्या साच्यात माझं नाव घातलं. शेवटची ओळ होती, आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट. मी वाचली. अर्थ कळला, आज्ञाधारक सेवकच. आणि सही केली. इंग्रजीत ते शब्द टोचले नाहीत. टाइप केलेले होते, सारखे, काळे, कोणीतरी दुसऱ्यानं बोललेले वाटले. पत्रक माझं मराठीत होतं ना.

माघ सरता सरता मला बोलावणं आलं. हजेरी कारकून म्हणून घेतलं, कच्चा. कच्चा म्हणजे केव्हाही जा म्हणता येईल असा. मी सकाळी महाडहून पहिल्या गाडीनं पोलादपूरला जायचो आणि पुढं कंपनीच्या ट्रकवर चढून तळावर. नवीन नोकरीचा पहिला आठवडा म्हणजे माणूस नुसता थकतो. काम जड असतं म्हणून नव्हे. कोणाला काय म्हणायचं, पाणी कुठल्या माठातलं प्यायचं, कुठल्या खुर्चीवर बसलं की लोक एकमेकांकडं बघतात, हे सगळं एकदम शिकावं लागतं. जुन्या स्टँडवर मी डोळे मिटून चालत होतो. इथं मी दिवसभर डोळे ताणून बसायचो आणि संध्याकाळी मान दुखायची. धूळ इतकी की हजेरीच्या वहीची पानं उलटली की बोटाचे ठसे उमटायचे.

मामांना त्याच आठवड्यात बोलावलं होतं, पण ते मी रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. दोन-तीन दिवसांनी ते मला पोलादपूरच्या नाक्यावर भेटले. वडाखाली ट्रकची वाट बघत मी उभा होतो.

"काय झालं मामा?"

"नाय घेतला."

"का?"

"सायबानं कागद वाचला. मंग वर बगून इचारलं, सोसायटीत हाईस काय? मी म्हटलं, हाय की. शेअर हाय माजा. मंग इचारलं, किती जन हाव तुमी? मी म्हटलं, आख्खी वाडी हाय. मंग म्हनला, जा."

गावच्या सेवा सोसायटीत मामांचा शेअर होता. बियाणं आणि खत तिथून मिळायचं. साहेबानं हे का विचारलं आणि ऐकून जा का म्हटलं, ते मामांना कळलं नव्हतं. मला मात्र लगेच कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. शेतकऱ्याच्या सोसायटीचा सभासद आहे म्हणून माणसाला नोकरी नाकारतात. मी ट्रकवर उभ्या उभ्या पत्रकाची पहिली ओळ मनात जुळवली. त्या संध्याकाळी महाडला जाऊन पत्रक लिहिलंही. मथळा होता, "सोसायटीची भीती कोणाला?" छापखान्यात दिलं. कंपॉझिटर म्हणाला, यात ज्ञ एकही नाही, बरं वाटलं, मंगळवारी देतो. मी ज्या कंपनीचा कच्चा नोकर, तिच्याविरुद्ध मी पत्रक काढणार होतो. माझी नोकरी जाईल हे मला कळत होतं आणि त्यात मला एक प्रकारचं सुख होतं. मामांना त्यातून काय मिळणार, याचा मी विचार केला होता असं मला आठवत नाही.

सोमवारी हेडक्लार्कनं मला जुने कागद लावायला सांगितले. हेडक्लार्क म्हणजेच मामांना जा म्हणणारे साहेब. पुण्याकडचे, साठीला टेकलेले, स्वच्छ धोतर नेसून त्या धुळीत बसणारे. नाकारलेल्या अर्जांचं एक वेगळं बंडल होतं. त्यात मामांचा अर्ज निघाला. माझंच अक्षर. शेवटच्या ओळीतल्या "सहकारी" या शब्दाभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "मजूर सहकारी सोसायटीचा माणूस. घेऊ नये."

मी तो शब्द पुन्हा वाचला. त्या वर्षांत मजुरांच्या सहकारी सोसायट्या निघत होत्या. रस्त्याची मातीकामं कंत्राटदाराऐवजी त्यांना मिळावीत अशी मागणी होती, आणि काही ठिकाणी मिळतही होती. साहजिकच कंत्राटदार कंपन्यांना त्यांचा धसका. आणि इथं एक माणूस अर्ज घेऊन येतो, स्वतःला "आपला सहकारी" म्हणवतो, सोसायटीत आहेस का विचारलं तर हो म्हणतो, किती जण विचारलं तर म्हणतो अख्खी वाडी. हेडक्लार्कच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं की पायथ्याच्या कामावर दावा सांगायला एक अख्खी वाडी आली आहे.

मामांना कोणी सोसायटीपायी नाकारलं नव्हतं. माझ्या एका शब्दापायी नाकारलं होतं. आणि तो शब्द त्यांनी मागितला नव्हता. त्यांनी दुसरा मागितला होता.

दुपारी मी छापखान्याला निरोप पाठवून पत्रक थांबवलं. मग हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेलो. शिमगा पाच दिवसांवर आला होता. मामांचे भाऊ आदल्या दिवशी गावी पोचले होते. होळी झाली की ते निघणार होते.

"साहेब, हा अर्ज मी लिहिलाय."

"कोणता?" त्यांनी कागद घेतला. "हा तर सोसायटीवाल्याचा."

"तो सोसायटीवाला नाही. म्हणजे गावच्या सोसायटीत आहे, खताच्या. तुमच्या मनातल्या सोसायटीत नाही. इथं सहकारी म्हणजे बरोबर काम करणारा."

त्यांनी चष्मा काढला. "कोणाच्या बरोबर?"

"तुमच्या."

"माझ्या."

"हो."

"पिंपांवरचा पहारेकरी आणि मी."

"हो."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, रागाला काय उत्तर द्यायचं ते मला येत होतं. पण ते उठले, कपाटातून दुसरी फाइल काढली, तिच्यातून माझा टाइप केलेला अर्ज काढून माझ्यापुढं धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग हे काय आहे?"

मी ओळीकडं बघितलं.

"वाचा की. मोठ्यानं नको."

"ते इंग्रजीत आहे," मी म्हटलं. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

"असं," ते म्हणाले. "म्हणजे इंग्रजीत तुम्ही नोकर, आणि मराठीत तो सहकारी. वाटणी बरी केलीत." शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन हसला. हेडक्लार्क हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि डोळे चोळले. "अहो, मीही लिहितो. मुंबईच्या ऑफिसला रोज पत्र जातं, रोज त्याच्या शेवटी तेच असतं. पंचवीस वर्षं झाली. मी काय रोज वाकतो की काय? ते लिहिलेलं असलं की कोणी ते वाचत नाही. नसलं की वाचतात. एवढाच त्याचा उपयोग."

मी म्हटलं, "हेच तर चूक आहे."

"असेल. तुमच्या पत्रकात छापा. ते पत्रक मी वाचलंय, इथं येण्याआधी महाडात चहा पिताना मिळालं होतं. भाषा चांगली होती." त्यांनी लाल पेन्सिल बोटांत फिरवली. "त्या माणसाला वाचून दाखवलं होतंत का, शेवटी काय लिहिलंय ते?"

"नाही."

"त्यानं काय सांगितलं होतं?"

"आज्ञाधारक घाल म्हणाला होता."

त्यांनी चष्मा परत घातला. बाहेर खडीचं मशीन चालू होतं. मग म्हणाले, "पहारेकऱ्याची जागा अजून भरलेली नाही. शनिवारपर्यंत नवा अर्ज आणा, साधा, चार माणसं लिहितात तसा. जागा त्याची. हा जुना मी फाडत नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये राहील." तो त्यांनी खरंच ठेवला. पुढं मी तिथं दोन वर्षं काढली. दर वेळी मला पक्का करण्याचा विषय निघाला की ते ड्रॉवर अर्धा उघडायचे, काही न बोलता परत लावायचे, आणि मी कच्चाच राहायचो. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो. पण वाचून दाखवलं होतंत का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता, मी नव्हे, ही गोष्ट काही त्या रागानं पुसली जात नाही.

होळीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस रजा घेऊन मी वाडीवर गेलो. चढ दमवणारा आहे. डोंगरउतार राबाचा पालापाचोळा भाजून काळा पडला होता, आणि वरून ढोलावर हात बसवल्याचा आवाज येत होता. मामांच्या पडवीत दोघे भाऊ होते. एकाच्या पायात मोजे होते, घरात. पडवीच्या कडेला एक गाठोडं बांधून ठेवलं होतं, चटई आणि वाकळ, वरून सुंभाची गाठ. मी ते बघितलं आणि नजर काढून घेतली.

"ह्योच काय तुजा हँडबिलवाला भाचा?" मोजेवाला भाऊ म्हणाला. "ये शेठ, बस. दादाला आम्ही नेतोय. खात्यात सब सेटिंग केलंय, भरती करनारा जॉबर आपला माणूस हाय. एकदम फर्स्टक्लास."

मामी आतून पाणी घेऊन आली.  तांब्या माझ्या हातात न देता समोर ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी मामांना सगळं सांगितलं. सांगताना पत्रकासारखं सांगायला गेलो, आधी मजूर सोसायट्या, मग कंत्राटदार, मग गैरसमज. मामांनी मध्येच हात वर केला.

"तू काय लिवलंस, त्ये सांग."

"सहकारी."

"आनि मी काय सांगितलं व्हतं?"

"आज्ञाधारक."

"मी इचारलं, घातलंस ना. तू काय म्हनलास?"

"घातलं म्हणालो."

मोजेवाला भाऊ हसायला लागला. मामांनी त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो थांबला. मामा उठून पडवीच्या कडेला गेले, तिथं थुंकले, परत आले. मुंबईत वर्षभर ज्याला कोणी मामा म्हटलं नाही, तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला त्याच्याच अर्जात विचारलं नव्हतं. 'ए' म्हणणाऱ्यांनी तरी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं.

"लई बोलायला मना पन येतंय," मामा शेवटी म्हणाले. "तुजा चांगला मनात व्हता, ह्ये कळतंय मना. पन वाचून का नाय दाकवलंस? वाचला असतास तर मी सांगितला असता, ह्यो शब्द काड. सोसायटी म्हनतात त्याला आमच्यात. तुज्या मामीनं पन सांगितला असता."

"सांगितला असता," मामी दारातून म्हणाली. त्या दिवशी ती बोलली ते एवढंच.

हे खरं होतं. वाडीवर सहकारी म्हणजे सोसायटी, दुसरा अर्थच नाही. माझ्या पत्रकांच्या भाषेत तो शब्द काहीतरी मोठं बोलत होता, आणि ज्यांच्यासाठी तो बोलत होता त्या सगळ्यांना ठाऊक होतं की तो खताचं दुकान आहे.

मी खिशातून कोरा कागद काढला. पाटावर ठेवून लिहायला बसलो. पंधरा वर्षं मोटारीवर, एक बोजा हरवला नाही. या वेळी प्रत्येक ओळ लिहिली की वाचून दाखवली. मामा मान हलवत होते. एका ठिकाणी म्हणाले, "एक बोजा हरवला व्हता. आंब्याची पेटी. पन ती गावली." मी म्हटलं, गावली म्हणजे हरवली नाही. ते म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे."

शेवटच्या ओळीशी आलो. पेन क्षणभर थांबला. थांबला ते पत्रकासाठी नव्हे, नुसता हात दुखत होता म्हणूनही असेल. लिहिलं, आपला आज्ञाधारक सेवक. वाचलं.

शाईचं पॅड नव्हतं. मामीनं तवा आणला, पालथा केला, तेलाचा थेंब काजळीवर टाकला. मामांनी अंगठा त्यात घोळवला आणि कागदावर आणता आणता मध्येच थांबले.

"कुटं हाय त्यो?"

"कोण?"

"शब्द. त्यो आज्ञाधारक."

मी बोट ठेवून दाखवला. मामा कागदावर वाकले. पुष्कळ वेळ बघत राहिले, जणू उतारूचा बोजा ओळखून ठेवत होते.

"येवडासा हाय व्हय," ते म्हणाले. "ह्याच्यापायी मी तीन येळा डोंगर उतरलो."

मग अंगठा त्यांनी थोडा बाजूला घेतला, शब्दावर पडू नये अशा बेतानं, आणि नीट दाबला. "त्याच्यावर नको उटायला. सायबाला वाचता यायला पायजे." कागद माझ्या हातात दिला. मग काळा अंगठा तसाच वर धरून मोजेवाल्या भावाकडं वळून म्हणाले, "ती गाठ सोड रं. चटई भुईला लागते मना आज."

भावानं कुरकुर केली, जॉबरला काय सांगू म्हणाला.  सुंभाची गाठ घट्ट बसली होती. ती शेवटी मामीनं दातानं सोडवली.